जिन्यावरची रेघ

आमच्या शहरानं दोन पूर, एक भूकंप आणि छपरं उडवणारं एक वादळ पाहिलंय. भूकंपानं कललेला मनोरा अजून तसाच आहे. पुराच्या खुणा मात्र घरोघरी आहेत. पाणी उतरलं की झाडूला हात लावायच्या आधी भिंतीवरच्या गाळाच्या कडेनं रंगाची रेघ ओढायची, मग साफसफाई.

आता चौकात पुराची उंची दाखवणारा दगडी खांब उभा राहायचाय. त्यासाठी नगरपालिकेचा मोजणीवाला घरोघरच्या रेघा मोजत होता. तो आमच्या गल्लीत शिरलाय कळलं आणि माझं कशात लक्ष लागेना. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

आमची रेघ हिनं ओढलेली. गल्लीतल्या सगळ्या रेघांपेक्षा हातभर उंच. हिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

दुसऱ्या पुरात मी बेकरीच्या गच्चीवर अडकलो होतो, ही घरात एकटी. मी परतलो तोवर रेघ ओढून भिंत धुऊनही झाली होती.

"इतकं पाणी?" मी विचारलं.

"तुम्ही होतात का बघायला?" म्हणत तिनं बादली उचलली. पुढे कधीही विचारलं तरी हेच उत्तर. मी तो टोमणाच समजायचो.

मोजणीवाल्यामागोमाग शेजारचा शिंपी आत आला. रेघेकडे बघून हसला. "काकूंच्या रेघेइतकं पाणी आलं असतं ना काका, तर माझं मशीन समुद्रात शोधावं लागलं असतं!"

"घरात असून तरी ते कुठे चालतं?" मी म्हणालो. पण मनात एकच होतं: आता ही साऱ्या गावासमोर खोटी पडणार, आणि भांडायला ती नाही.

"काका, जरा जिन्यावर जाऊन फितीचं टोक रेघेवर धरता?" मोजणीवाला म्हणाला.

रेघ जिन्याच्या एका पायरीला टेकून गेली होती. गुडघे दुखतात म्हणून मी त्याच पायरीवर बसलो. टोक धरलं, समोर पाहिलं. तुळईखालून बाहेरचं दार दिसत होतं. सहज एक पायरी वर सरकलो. तुळई आड आली, दार गेलं. खाली आलो, दार आलं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"काका, फीत हलतेय."

त्या पुरातही वरचा माळा कोरडा होता. तिथं अंथरूण होतं, कंदील होता. पण माळ्यावरून दार दिसत नाही. दार दिसणारी ही शेवटची पायरी.

"ही रेघ पाण्याची नाही," मी म्हणालो. "शिंप्याच्या घरचं माप धरा, ते खरं आहे."

"मग ही कशाची?"

"आमची ही बसली होती इथं. माझी वाट बघत."

मोजणीवाल्यानं फीत गुंडाळली. "मग पुसून टाका ना. उगाच पुढं कुणाचा घोळ व्हायला नको."

"हात लावायचा नाही."

शिंपी हसायचा थांबला होता. दोघं दाराकडे वळले. उंबऱ्यातून शिंप्यानं वळून विचारलं, "काका, दार ओढून घेऊ?"

"नको," मी पायरीवरूनच म्हणालो. "असू दे उघडं."