खिडकीसमोरचा तासभर

खर्र… खर्र… तातेराव सुताराची करवत माझ्या अंगातून फिरत होती. तो आवाज अजून माझ्या ध्यानात आहे. तेव्हा मी लिंबाचं खोड होतो. आता मी बाक आहे. गोदाकाठच्या एका सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीसमोर असतो.

आजारी माणसाचं बसणं मला कळतं. तो मागं टेकत नाही. आपला नंबर जाईल म्हणून कडेलाच बसतो.

त्या सकाळी चतुराबाईनं आपल्या मालकाला माझ्यावर टेकवलं. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं. खिडकीतल्या राधेश्यामनं पेशंटचं नाव विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात बाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, “कारभारीचे वडील.”

राधेश्यामनं वर न बघताच ‘कारभारी’ लिहिलं. आतल्या दारावरून कागद परत आला. दारावरच्या माणसानं विचारलं तेव्हा हे नाव पोराचं निघालं; बदलून आणा म्हणाला. पुन्हा रांग.

“मावशी, आता तरी बराबर नाव सांगता, का उखाणा घेता?” राधेश्याम म्हणाला. रांग हसली. बाई पदर तोंडाला लावून माझ्यापाशी परतली.

तेवढ्यात मालकांचा उजवा हात घसरून खाली लोंबला. तिनं उचलून मांडीवर ठेवला. तो पुन्हा पडला.

तशी ती वळली आणि होती तिथूनच बोलली, “कडूबा. कडूबा नाव हाये त्यांचं. आता तरी घ्या की आत.”

कोणी हसलं नाही. नर्स मीना धावत आली. “कागद मागून करा, आधी माणूस घ्या,” म्हणत तिनं त्यांना आत नेलं.

कडूबा वाचले. उजवा हात मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी यायला पाहिजे होतं. तो तासभर ते माझ्यावरच बसलेले होते.

आता राधेश्याम रजिस्टर घेऊन बाहेर येतो, माझ्या कडेला बसून एकेकाला विचारतो. कोणाला दम लागलेला दिसला, की आधी आत पाठवतो.

माझा एक पाय डुगडुगतो. नव्या खुर्च्या येणार म्हणतात. येऊ द्या. त्यांच्याजवळही कोणीतरी राधेश्यामसारखं येऊन बसावं, एवढंच माझं मागणं.

काल चतुराबाई मालकांना घेऊन त्यांच्या गोळ्यांसाठी आली. राधेश्यामनं काही न विचारता कागद लिहून तिच्या हातात दिला.

“मावशी, त्या दिवशी मी…” म्हणून तो थांबला.

तिनं कागदाची घडी केली, मालकांचा डावा हात धरला आणि निघून गेली.