साडेसात माणसांचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्रॅम आहे. म्हणजे नुसत्या सूचनांच्या ओळी. मला रंग नाही, वजन नाही, हातात धरून दाखवावं असं काहीच नाही. त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला रुचेल की नाही, याची मला धाकधूकच आहे. तरी सांगतो.

एका डोंगराच्या पायथ्याशी रोपवेचं स्थानक आहे. जाड तारेला लटकलेले पाळणे तिथून वरच्या वस्तीत जातात. तिथल्या एका इंजिनीअर बाईंनी मला लिहिलं. त्यांची भाची शाळा सुटली की तिथेच येऊन बसे आणि 'आत्या, आत्या' करी. म्हणून सगळेच त्यांना आत्या म्हणू लागले.

माझं काम एवढंच होतं: वाऱ्याचा जोर पाहून पाळण्याला किती वजन झेपेल ते ठरवायचं, त्याला एका माणसाच्या वजनानं भागायचं आणि येईल तो आकडा दारावरच्या पाटीवर दाखवायचा. माणसाचं वजन आत्यांनी ऐंशी किलो धरलं होतं. हवा शांत असली की सहाशे चाळीस किलो, म्हणजे आठ माणसं. वारा सुटला की सहाशेच. सहाशेला ऐंशीनं भागलं तर साडेसात येतात. पण ज्या संगणकी भाषेत मी लिहिलेला आहे, तिची एक रीत होती. पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की ती उरलेला अपूर्णांक टाकून द्यायची. साडेसातचे सात. अर्धा माणूस कुठून आणणार? आत्यांना ती रीत सोयीची वाटली. त्यांनी भागाकाराची एक तिरकी रेघ मारली आणि त्या पुढे गेल्या.

वर्षानुवर्षं मी बिनबोभाट चाललो. दारावरचे काका पाटीकडे बघत आणि ओरडत, "सातच! बाकीचे मागच्या पाळण्यात!" एकदा एक अंगानं भरलेले गृहस्थ म्हणाले, "काका, मला एकट्याला दीड धरा." काका म्हणाले, "धरतो की. मग अर्धा कोण ते तुम्हीच निवडा." माझं कौतुक कोणी केलं नाही. मी आठवणीत नसणं हेच माझं कौतुक होतं.

पुढे आत्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत भाची बसली. त्याच सुमारास माझ्या भाषेची नवी आवृत्ती निघाली. जुने प्रोग्रॅम अडतील, हे भाषा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण सात भागिले दोन म्हणजे तीन, हे बघून नवशिके सारखे बुचकळ्यात पडत. जुन्यांना जपावं की नव्यांची वाट सरळ करावी? त्यांनी वाट सरळ केली. सात भागिले दोन, साडेतीन. जुनी आवृत्ती त्यांनी काही काळ सोबत सांभाळली, मग तिची डागडुजी बंद केली. तिच्यात एखादं भोक सापडलं तरी आता कोणी बुजवणार नव्हतं. भाचीला मला नव्या आवृत्तीत न्यावंच लागलं.

तिनं कामात कसूर केली नाही. जिथे मी नव्या भाषेला कळेनासा झालो, तिथे संगणकानं तांबड्या अक्षरांत बोंब ठोकली आणि तिनं ती ओळ सुधारली. भागाकाराच्या ओळीवर मात्र कोणीच ओरडलं नाही. ती रेघ दोन्हीकडे चालते. फक्त तिचा अर्थ बदलला होता. मला तो कळत होता, पण लिहिलंय तेवढंच करायचं ही आमची जात. हाक मारायला मला तोंड नाही.

तिनं वाळूची पोती भरून चाचणीही घेतली. ते दिवस नेमके बिनवाऱ्याचे होते. सहाशे चाळीस भागिले ऐंशी, दोन्ही भाषांत आठच. सगळे खूश.

आणि एका दुपारी वारा सुटला.

माझं उत्तर आलं साडेसात. पाटीला अपूर्णांक दाखवता येत नाही. आकडा जवळच्या पूर्ण संख्येवर नेणारी एक ओळ आत्यांनी खबरदारी म्हणून घालून ठेवली होती. आजवर तिला कामच पडलं नव्हतं. साडेसात तर सात-आठच्या बरोबर मधोमध; तिनं आठ केले.

"वाऱ्यात आठ?" काका पाटीकडे बघत म्हणाले. "नव्या भाषेत हुशार झालेला दिसतोय." सात जण आत बसले होते. आठव्या आल्या आत्या. वर भावाकडे निघाल्या होत्या.

"या आत्या, तुमचंच लेकरू म्हणतंय, आठ!"

दार लागलं. पाळणा मधल्या खांबापर्यंत गेला आणि जास्त वजनामुळे ब्रेक आपोआप लागला. खाली दरी. पाळणा झोके घेऊ लागला. स्थानकात भाचीचा फोन वाजला.

"अगं, आम्ही लटकलोय."

"आत्या? तू आहेस त्यात?"

"आहे. रडायचं मागाहून. वजनाची मर्यादा किती दिसते?"

"सहाशे."

"भाग ऐंशीनं."

"साडेसात."

"मग पाटीवर आठ कुठून आले?"

भाचीनं माझी ती ओळ उघडली. मग, "आत्या, भागाकार! भागाकार बदललाय!"

"अगं मग आधी मागच्यांना थांबव!"

मागच्या पाळण्यात आठवा माणूस पाय टाकत होता. भाची धावत सुटली. "काका, दार उघडा! सगळ्यांना उतरवा!" मी पाटीवर आठच दाखवत होतो. मला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी काकांनी अंगातला कोट काढून पाटीवर टाकला.

मग भाचीनं राखीव इंजिन लावलं आणि पाळणा मागे ओढायला घेतला. वाऱ्याचा झोत आला की थांबायची, झोका निवू द्यायची, पुन्हा थोडं ओढायची. फोन चालूच होता. "हळू गं," आत्या म्हणत, "इथे एकाला मळमळतंय, आणि तो नेमका माझ्या समोर बसलाय." कोणी हसलं नाही. पाळणा स्थानकाला टेकला तेव्हाच कुणाला तरी हसू फुटलं.

"आज माझ्यामुळे तुझा जीवच गेला असता," भाची आत्यांच्या गळ्यात पडून म्हणाली. "भाषावाल्यांनी असं करायलाच नको होतं."

"का? नव्यांना सोपं झालं ना? त्यांनी बदल सांगून केला. अपूर्णांक टाकायचा, हे मी भाषेच्या सवयीवर सोडलं. लिहिलं असतं तर तुला दिसलं असतं. चल, आधी ती ओळ नीट कर."

नव्या भाषेत उरलेला अपूर्णांक टाकायला दोन तिरक्या रेघा लागतात. भाचीनं त्या मारल्या आणि वाऱ्याचे सगळे आकडे घालून मला पुन्हा तपासलं. मग वरती साध्या शब्दांत एक ओळ लिहिली: 'इथे माणसं मोजतोय. अर्धा माणूस आत घेऊ नये.'

ती ओळ संगणक वाचत नाही, ओलांडून जातो. मित्रांनो, ती तुमच्यासाठी आहे. माझी भाषा पुन्हा बदलेल, बदलू दे. पण मला हात लावाल तेव्हा मी चालतोय ना, एवढंच बघू नका. वाऱ्याच्या दिवशी मी काय सांगतो, तेही विचारा. तेवढ्यात माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणीतरी पाळण्यात पाय टाकत असतं.