अर्धं जाडं, अर्धं बारीक

“हात नको लावू गं, दलन चालू हाय!”

अजूनही कुठे प्रोग्रॅम बिल्ड व्हायला लागला, की वामनचा हा आवाज कानात येतो. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. सानपाड्याला एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस होतं. वारा फिरला की मार्केटातल्या कांद्याचा वास थेट की-बोर्डवर. न्हावा शेव्याच्या एका यार्डासाठी आम्ही कंटेनरच्या वजनाचा प्रोग्रॅम लिहीत होतो. लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून घ्यायचा, म्हणजे बिल्ड. त्याला लावलेलं मशीन इतकं घरघरायचं, की खाडीकाठच्या गावातून येणारा वामन त्याला दळणच म्हणायचा. मग सगळं ऑफिस म्हणायला लागलं. दळण चालू असताना मशीनला कुणी शिवायचं नाही, आणि ज्यानं लावलं त्यानं एक ओवी म्हणायची, असा रिवाजच पडला. माझी आई साताऱ्याकडची, त्यामुळे माझ्याजवळ ओव्या पुष्कळ. शेजारच्या टेबलावरच्या मीनाजवळ एकही नाही. ती सिनेमातलं काहीतरी गुणगुणून वेळ मारून न्यायची.

सगळे त्याला वामनदादा म्हणत. मी नुसतं ‘अहो, ऐका ना’वर भागवायची.

“दादा म्हटलंस तर जीभ झिजेल काय गं, राजेश्वरी?” मीना टोचायची.

कुठला तुकडा कसा दळायचा, हे कंपायलरला सांगणारी मेकफाइल वामननंच बांधली होती. त्यातला एकेक फ्लॅग, म्हणजे दळण्याची एकेक सूचना, त्याच्या हातची, आणि तो तिथं का आहे हे त्याच्याच डोक्यात. अशात त्याला बंगळूरची नोकरी लागली. अरविंद साहेब म्हणाले, “राजेश्वरीच्या हातून दळण निघू दे, वजन बरोबर येऊ दे, मग तू मोकळा. तोवर नाही.” वर मला बजावलं, “नवं मशीन आहे, वेगाचा फ्लॅग घाल.”

घातला. दळण निघालं. पण तांदळानं भरलेला कंटेनर पडद्यावर चपलेच्या जोडाएवढा हलका! वजन घेणाऱ्या तुकड्यात खाडाखोड केली, फ्लॅग काढला, पुन्हा घातला. कधी चप्पल, कधी डोंगर.

वामन शेजारी हाताची घडी घालून बसलेला. “मी नाय सांगनार. सांगितलं तर ते तुझं दलन नाय.”

“मग गप्प तरी बसा.”

“गपच हाय की.”

शुक्रवारी दुपारी चहा निवत होता. मी सहज फाइलींच्या तारखा पाहिल्या. वजन घेणारा तुकडा आजचा, वजन छापणारा दिवाळीच्या आधीचा! मेकफाइल चालवणाऱ्या मेकला फक्त बदललेला कोड दिसतो, तेवढाच तुकडा ते पुन्हा दळतं. फ्लॅग बदलला हे त्याच्या गावीही नसतं. नव्या तुकड्यात वेगाच्या फ्लॅगनं आकड्यांच्या मध्ये फट सोडलेली, जुन्यात आकडे एकमेकांना चिकटलेले. एकानं ठेवायचं इथं, दुसऱ्यानं शोधायचं तिथं.

आईनं एकदा मध्येच जातं हलकं केलं होतं. अर्धं पीठ बारीक, अर्धं जाडं. भाकरी थापता थापता फाटली. “जुन्यात नवं मिसळून भागत नाय बाई,” ती म्हणाली होती, “सगळं परत घ्यावं लागतंय.”

कळलं, आणि माझा हात की-बोर्डवर थांबला. आधी दळलेले सगळे तुकडे पुसून नव्यानं दळले, की वामन मोकळा.

पुसले. दळण लावलं. ओवी म्हणायची होती. ओठावर जी आली तीच म्हटली:

*सरू नको रे दळणा, सुपात राहू दे पसा*
*खुंटा सुटता हातून, हात होतो वेडापिसा*

मीना टाइप करायची थांबली. वामन खिडकीबाहेर बघत राहिला.

घरघर थांबली. मी एक कंटेनर घातला. वजन बरोबर. आणखी एक, तोही बरोबर.

अरविंद साहेब मागे येऊन उभे होते. “जमलं की! वामन, सुटलास बाबा.” ते हसत आत गेले.

वामन उठला. ड्रॉवरमधून डबा काढला, कंगवा काढला, पुन्हा ड्रॉवर उघडून रिकाम्यात बघितलं.

“चांगलं दललंस,” तो म्हणाला. “जाता जाता एकदा तरी दादा म्हन.”

“नाही म्हणणार.”

“का गं?”

मीनानं कप उचलले आणि ती उगाच बाहेर गेली.

“कारण तुम्ही माझे दादा नाही, वामन. हे दळण निघूच नये, असं वाटत होतं मला. जाऊ नका.”