फुगलेला डबा

मालेगावच्या बाहेर, वाशीम रस्त्याला लागून किशन आणि सेवादासचं पत्र्याचं शेड होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचं काम. दोघं एकाच तांड्यावरचे, नऊ वर्षांचे भागीदार. रंगात हार्डनर मिसळला की दोन्ही एकमेकांना धरून घट्ट होतात आणि थर वर्षानुवर्षं निघत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

भादव्यातल्या एका दुपारी मगात थोडा हार्डनर उरला. तो मग किशननं पाण्यानं विसळला होता, पण पुसला नव्हता. फेकायचा कशाला म्हणून त्यानं उरलेला हार्डनर परत डब्यात ओतला आणि झाकण हातोडीनं ठोकून बसवलं.

तिसऱ्या दिवशी सेवादास आधी शेडात शिरला. किशन बाहेर मोटारसायकल लावत होता.

"किशन, डबा काहून फुगला रे?"

"उनानं फुगला असंन. उघडून पाय."

पेचकस झाकणाखाली गेला आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सेवादास तोंड धरून खाली बसला. किशन त्याच्या डोळ्यांवर घागरीनं पाणी ओतत राहिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक डोळा वाचवला, उजवा गेला.

रंगाच्या दुकानातल्या वीरेंद्रनं फुटका डबा पाहिला. "यात पानी गेलं. हार्डनर पान्यासंग लागला का गॅस तयार होते. झाकन ठोकलेलं, मंग तो जाईन कुठं?"

किशनला ओला मग आठवला. आठ दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. मग तो सेवादासच्या घरी गेला.

"डबाच खराब निघाला, भाऊ," सेवादासची बायको निता चहा गाळत म्हणाली.

"डबा चांगला होता. ओल्या मगातला हार्डनर मीच त्यात ओतला," किशन म्हणाला.

निताचा हात थांबला. सेवादासनं मान वळवून डाव्या डोळ्यानं किशनकडं पाहिलं.

"तुले माहीत होतं, असं होते म्हणून?"

"नाई रे."

"मंग झालं."

निता किशनचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.

सेवादास पुन्हा शेडात आला नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक तांड्यावर लागला, तेव्हा नवरा-बायको सामान घेऊन त्यात चढले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते तोडीला निघाले होते. किशन ट्रकजवळ गेला, पण तो सेवादासच्या उजव्या बाजूला उभा राहिला. पलीकडं जाऊन हाक मारायचं धैर्य त्याला झालं नाही.