शब्दाखालची रेघ

पेंटरला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या गावात दोघींनाच माहीत होती: त्याच्या बायकोला आणि मुलीला.

बाकीच्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. दवाखान्याच्या फाटकापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत सगळे इंग्रजी बोर्ड त्याच्याच हातचे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देई. पेंटर ती चिठ्ठी चित्रासारखी न्याहाळी, खडू लावलेल्या दोरीनं रेघा आखी आणि ब्रश उचली. आपल्या भाषेची अक्षरं तो बत्तिसाव्या वर्षी शिकला होता, तीही रंगवता रंगवता, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून. इंग्रजीच्या वेळी वय आडवं आलं आणि लाजही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचा नियम एकच, चिठ्ठीत जे असेल ते तसंच्या तसं उतरवायचं. टिंबसुद्धा इकडचं तिकडे करायचं नाही.

मुलगी बारावी झाली होती. मोठ्या शहरातल्या कॉलेजची परीक्षा द्यायची होती तिला. पास झाली तर शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं फुकट. त्या परीक्षेत इंग्रजीचे अवघड शब्द येत. मास्तरांनी हजार शब्दांचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. रोज सकाळी ती वीस शब्दांची यादी काढून ठेवी. पेंटर उरलेल्या पुठ्ठ्याचे पत्ते कापून त्यांवर ते शब्द काळ्या रंगात उतरवी, आणि रंग वाळला की मुलगी मागच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी अर्थ लिही. संध्याकाळी चहा झाला की परीक्षा सुरू. पेंटर पत्ता धरी, ती शब्द वाचून अर्थ सांगी, आणि तो मागं बघून मान हलवी.

खाटेवर पडलेली बायकोही मध्ये तोंड घाली. चार महिने झाले होते तिला पडून, पण जीभ काही पडली नव्हती.

"ऑब्स्टिनेट," मुलगी म्हणाली, "म्हणजे हट्टी, हेकट."

"त्याला अर्थ कशाला लिहितेस? तुझ्या बापाचा फोटो चिकटव."

"तू गप गं," पेंटर म्हणाला. "परीक्षा तिची आहे, तुझी नाही."

"मला पण येतात. काल बघा, एफेमरल. फार दिवस न टिकणारं. बघा, पाठ आहे की नाही?"

तिघं हसले होते तेव्हा.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मोठ्या डॉक्टरांनी बायकोच्या तपासण्यांचा कागद पेंटरच्या हातात दिला. त्यातल्या तीन शब्दांखाली त्यांनी निळ्या शाईनं रेघ ओढली. बाहेर रांग लागली होती. डॉक्टर घाईनं म्हणाले, "पेंटरसाहेब, तुम्हाला काय फोड करून सांगायचं? सगळं लिहिलंय. घरी शांतपणे वाचा, काही विचारायचं असलं तर या. गोळ्या चालू ठेवा." त्यांच्या दारावरचं त्यांचं नाव, त्यापुढच्या पदव्या, सगळं याच माणसानं रंगवलेलं. याला वाचता येत नसेल असं त्यांच्या मनात येणार तरी कसं? पेंटरनं मान डोलावली, कागद खिशात घातला आणि बाहेर आला. त्या मान डोलावण्याबद्दल पुढं त्यानं स्वतःला हजार शिव्या दिल्या.

विचारायचं कुणाला? गावात विचारलं तर मूठ उघडते. मुलीला विचारलं तर तिचं अभ्यासातलं लक्ष उडतं. दोन दिवस त्याला घास गोड लागेना. मग एक युक्ती सुचली. त्यानं तीन पत्ते जादा कापले, रेघ ओढलेले तीन शब्द कागदावरून उतरवले आणि वीस पत्त्यांत मिसळून मुलीपुढं ठेवले. अर्थ तिच्याच हातानं लिहिला जाईल, आणि तिला कळणारही नाही!

मुलगी एकेक पत्ता उलटून लिहीत गेली. मधेच थांबली. पेन्सिल तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसली.

"काय गं, अडलं का?"

"नाही बाबा. जरा अवघड आहेत आजचे."

ती उठून पाणी प्यायला गेली, परत आली आणि लिहून मोकळी झाली.

संध्याकाळी पेंटरनं ते पत्ते उलटले. मेटास्टॅटिक: निवळत चाललेलं. इनऑपरेबल: ऑपरेशनची गरज नसलेलं. पॅलिएटिव्ह: गुण देणारं. त्यानं पुन्हा एकदा वाचलं. त्याचा जीव भांड्यात पडला. निवळतंय, ऑपरेशन नको, औषधाला गुण आहे. आणखी काय पाहिजे माणसाला? दुसऱ्या दिवशी त्यानं शिट्टी वाजवत एका बेकरीचा बोर्ड रंगवला.

आठवड्यानं बायको म्हणाली, "अहो, मला एकदा ताईकडे घेऊन चला."

तिची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. आईच्या शिलाई मशीनवरून दोघींचं बिनसलं होतं. नऊ वर्षं ना पत्र, ना फोन.

"आत्ताच काय घाई आहे? तू बरी होतेयस. परीक्षा होऊ दे, तिघं मिळून जाऊ. चालत जाशील तिच्या दारात."

"आत्ता बसवतंय मला अजून. बसनं जाऊ."

"हाडं खिळखिळी होतील बसमध्ये. बरं होत आलेलं माणूस मुद्दाम आजारी पाडायचं का?"

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विषय काढला, त्यानं पुन्हा हसण्यावारी नेला. एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पेंटरला वाटलं, रुसली असेल.

परीक्षेला तीन दिवस होते. दवाखान्यातून निरोप आला, मागच्या बाजूच्या नव्या खोलीवर बोर्ड हवा. मेट्रननं चिठ्ठी दिली. पेंटरनं दोरी आखली, ब्रश बुडवला आणि पहिल्या दोन अक्षरांतच त्याचा हात ओळखीच्या वाटेनं चालू लागला. हे वळण त्यानं अलीकडेच काढलं होतं. पत्त्यावरचा तिसरा शब्द. गुण देणारं.

तो खूश झाला. "मेट्रनबाई, ही खोली बऱ्या होत आलेल्यांची ना?"

"अहो पेंटरकाका, तुम्हीच लिहिताय आणि तुम्हीच विचारताय?" मेट्रन हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. हळू आवाजात म्हणाली, "बरे होणार नाहीत त्यांची. दुखणं सुसह्य व्हावं म्हणून, शेवटपर्यंत."

पेंटर शिडीवरून उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बोर्ड अर्धा टाकला. ब्रशही धुतला नाही.

घरी मुलगी दारात बसून पत्ते घोकत होती. त्यानं तिच्यासमोर बसकण मारली.

"तुला माहीत होतं?"

तिनं पत्ते खाली ठेवले. "कागद आणलात त्याच दिवशी. तुम्ही हातपाय धूत होतात. आईनं खाटेवर टाकलेल्या तुमच्या शर्टाच्या खिशातून काढला आणि माझ्याकडून वाचून घेतला. सगळा. एकेक शब्द सोडवून. अंगभर पसरलंय, ऑपरेशन होणार नाही."

"तिलाही माहीत आहे?"

"तिनंच शपथ घातली बाबा. म्हणाली, तुझ्या बापाला कळलं तर तो हातपाय गाळून बसेल आणि तुझी परीक्षा जाईल." तिचा आवाज फुटला. "मग तुम्ही ते पत्ते आणलेत. शब्दाखालची रेघसुद्धा काढली होतीत तुम्ही. मी काय लिहायला हवं होतं?"

पोरीनं आईची शपथ पाळली होती. आणि त्या तीन अर्थांवर विसंबून त्यानं त्या बाईला दोनदा नाही म्हटलं होतं. तिला खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीकडे वळली होती. रुसली नव्हती.

तो आत गेला. खाटेशी उभा राहून म्हणाला, "चल, उद्या ताईकडे जाऊ."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. उठायचा प्रयत्न करून ती पुन्हा आडवी झाली. "आता नाही हो बसवत," ती म्हणाली. जणू चूक तिचीच.

"मग फोन लावतो. बोल तिच्याशी."

"फोनवर नको. फोनवर आम्ही पुन्हा भांडू. तिचं तोंड बघून बोलायचंय मला."

पेंटरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावला. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आधी का नाही कळवलंत?" आणि त्यानं काही बोलायच्या आत, "निघते मी. थांब म्हणावं तिला."

बायको तीन दिवस थांबली. दर गाडीच्या वेळेला तिची नजर दाराकडे जाई. मुलीला शब्द विचारायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. पत्ता धरवत नसे, तेव्हा नुसती ऐके.

परीक्षेच्या सकाळी मुलगी निघायला तयार होईना. पायरीवर बसून रडू लागली. बायकोनं तिला जवळ बोलावलं. ओठांशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. "जा. एवढं सगळं कशासाठी केलं मग?" मुलीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मागं न बघता गेली.

दहाच्या सुमाराला बायकोची नजर स्थिर झाली. श्वास चालू होता, पण हाक मारली तर पापणी हलत नव्हती. पेंटरनं दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी पेंटर म्हणाला, "डॉक्टर, मला इंग्रजी वाचता येत नाही. तोंडानं सांगा." डॉक्टरांनी सांगितलं.

बाराच्या गाडीनं थोरली आली. चप्पल पायात तशीच, बोचकं काखेत. खाटेवर बसून तिनं बहिणीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला लागली. लहानपणचं, आईचं, मशीनचं, "ने गं बाई ते मशीन, मला काय करायचंय" असं, आणि नऊ वर्षांत कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची लग्नं झाली. तिचं बोलणं थांबत नव्हतं. तिसऱ्या प्रहरी श्वास थांबला, तरी थोरली थोडा वेळ बोलतच राहिली. तिला कळलं नव्हतं, की कळूनही थांबायचं नव्हतं, हे पेंटरनं विचारलं नाही.

पाच वाजता मुलगी वळणावरून येताना दिसली. पेंटर पुढं गेला. दारात जमलेली माणसं बघून ती रस्त्यातच उभी राहिली.

"मावशी आली?"

"आली."

"आईला भेटली ना? बोलल्या दोघी?"

पेंटरनं तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"मावशी बोलली," तो म्हणाला.