लाजरा नीलमणी

"गप्प बसा सगळे! खडा बोलतोय!"

नीलमणीबाबांनी हात वर केला आणि बिरवाडीच्या नाक्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे माणसं चिडीचूप झाली. बाबांसमोर एक म्हातारा ओंजळ धरून बसला होता. ओंजळीत पळीभर तीर्थ आणि त्यात साबुदाण्याहून जरा मोठा, गर्द निळा खडा. चट्! खडा बोलला. चट् चट्! आणि बघता बघता निळ्याचा गुलाबी झाला.

"पाप!" बाबा गरजले. "ओरडलं की नाही? पापाची फ्रिक्वेन्सी लागली की मणी तडकतो आणि लाजेनं गुलाबी होतो. समुद्रमंथनातून निघालेला मणी आहे हा, बाजारातली गोटी नव्हे!"

म्हाताऱ्यानं घाबरून शेजाऱ्याचा बांध कोरल्याची कबुली देऊन टाकली. खरं तर बांध शेजाऱ्यानंच याचा कोरला होता. पण एवढ्या लोकांपुढे मण्याला खोटं कोण पाडणार?

इकडच्या डोंगरात देवाला कौल लावायची रीत जुनीच. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. पण फूल पडायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाचा विचार बदलतो. बाबांचा मणी झटपट. त्यामुळे महिनाभरात चोरी, भाऊबंदकी, लग्न, सगळंच मण्याच्या गळ्यात पडलं होतं.

दीक्षा मागच्या रांगेत जांभया देत उभी होती. औषधाच्या कारखान्यात ती हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर कामाला, पहाटेची पाळी संपवून थेट आलेली, तीही केवळ सारिकासाठी. सारिका तिची खोलीतली जोडीदारीण, मूळची कुडपण गावची, त्याच कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला. मंगेशशी तिचं जमलं होतं, दोन्ही घरं राजी होती, रविवारी सुपारी फुटायची होती. तेवढ्यात मंगेशच्या आईनं, रखमाबाईनं, खोडा घातला. "आधी मण्याला विचारू. मणी निळा ऱ्हायला तर सून, नायतर सोयरीक मोडली!"

सारिकाच्या आधी एका रस्त्याच्या ठेकेदाराचा नंबर होता. काखेत कोंबडा घेऊन आला होता. बाबांनी कोंबडा ठेवून घेतला, ठेकेदाराच्या तळव्यावर धुनीतलं गरम भस्म चोळलं आणि वर मणी ठेवला. मणी निळाच्या निळा!

"निष्पाप!" बाबा म्हणाले.

त्याच ठेकेदाराच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून सगळी गर्दी चिखलात माखून आली होती. तरी सगळ्यांनी हात जोडले. दीक्षाची जांभई मात्र अर्ध्यावरच थांबली. कोंबडेवाल्याला भस्म आणि म्हाताऱ्याला तीर्थ, हे काय गौडबंगाल?

मग सारिका बसली. बिचारीचा तळवा आधीच घामानं भिजलेला, त्यावर बाबांनी वरून तीर्थ ओतलं. चट् चट् चट्! मणी गुलाबी.

"अगो बया!" रखमाबाईनं कपाळावर हात मारला. "मोडली सोयरीक! असली सून माझ्या उंबऱ्यात नको."

सारिकानं मंगेशकडे बघितलं. मंगेश स्वतःच्या चपलांकडे बघत होता, आजच पहिल्यांदा दिसल्यासारख्या.

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा मणी ती ओळखत होती. असले दोन पोती मणी तिनं स्वतःच्या हातानं गेल्या महिन्यात भंगारात काढले होते!

"बाबा, माझीपण परीक्षा घ्या," ती पुढे झाली आणि त्यांनी पळी उचलायच्या आत तिनं तळव्याला भस्म फासून बाबांपुढच्या मण्यांच्या परातीतला एक मणी उचलला. "सगळ्यांसमोर सांगते, सारिकानं गावाहून आणलेले चार लाडू काल मी चोरून खाल्ले. आणि आळ मांजरावर घातला."

मणी निळाच राहिला.

"मांजराला मारलं मी गो!" सारिका रडता रडता ओरडली. गर्दी फिसकन हसली.

"आता तीर्थाची परीक्षा." दीक्षानं परातीतले मूठभर मणी बाबांच्या तीर्थाच्या घागरीत टाकले. मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज झाला. मणी गुलाबी! "काय हो बाबा, तीर्थानं कोणाचा बांध कोरला?"

"तुझी सावली पडली त्यात!"

"बरं. मग ह्यात कोणाची?" शेजारी टँकर ड्रायव्हर जानू चहा पीत होता. तिनं त्याच्या ग्लासात मणी टाकला. चट्!

"आयला, चहापण पापी?" जानू हबकला.

"चहा पापी नाही, ओला आहे. आणि आता पिऊ नका, यातला निळा रंग विषारी असतो." तिनं चहा ओतून टाकला. मग सारिकाच्या मण्यासकट सगळे गुलाबी खडे धुनीवरच्या तव्यावर पसरले. दोन-चार मिनिटं सगळे तव्याकडे माना उंचावून बघत राहिले. खडे हळूहळू पुन्हा निळे झाले.

"झालं सारिकाचं पाप भस्म! पापबीप काही नाही हो. हा खडा ओल पितो. कोरडा असला की निळा, भिजला की गुलाबी, तापवला की पुन्हा निळा. पाणी झपकन आत शिरतं म्हणून तडकतो. घाबरलेल्या माणसाचा तळवा आधी भिजतो, म्हणून तो पापी ठरतो."

"पण असला खडा करतात तरी कशाला?" रखमाबाईनं विचारलं.

"मावशी, पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर चकलीचं काय होतं?"

"सादळते."

"तशाच आमच्या गोळ्या सादळतात. गोळ्यांच्या मशीनला दाबलेली हवा लागते, आणि हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. म्हणून ती सुकवायची मशीनं असतात, ड्रायर. एका प्रकारात हवा फ्रिजसारखी गार करतात. गार बाटलीबाहेर दव धरतं ना, तसं पाणी गळून पडतं. रंगाच्या फवाऱ्याला तेवढं पुरतं, नाहीतर रंगावर फोड येतात. पण औषधाला त्याहून कोरडी हवा लागते. तिथं दोन उंच पिंपं, ह्याच खड्यांनी भरलेली. एक ओल पितं, तोवर दुसरं सुकतं. मग पाळी बदलते, आपल्यासारखीच."

"आमच्या टँकरलाबी हाय की ड्रायर!" जानू उठून उभा राहिला. "ब्रेकच्या हवेत पाणी शिरलं तर घाटात मेलोच. पण त्यानं कधी माझं पाप नाय सांगितलं."

"नशीब तुमचं," मागून त्याची बायको म्हणाली.

दीक्षानं आसनामागची भगवी चादर ओढली. खाली पोतं. पोत्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: ड्रायरचे जुने खडे, भंगार. बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दारानं असे सटकले की पायातली एक खडाव तिथेच राहिली. रिकाम्या आसनावर कोंबडा जाऊन बसला.

रखमाबाई पदराशी चाळा करत सारिकाजवळ आली. "मग काय गो, रविवारी सुपारी फोडायची ना?"

"थांबा मावशी," सारिकानं डोळे पुसले. "खडा तो खडा, त्याला काय कळतंय? पन मंगेश तर मानूस हाय ना? त्याच्या तोंडाला काय झालं होतं?"

शेडमध्ये पुन्हा चिडीचूप झालं. या वेळी कोणीच हात वर केला नव्हता.

"घाबरलो गो," मंगेश पुटपुटला.

"मीपन घाबरले होते. घामानं हात भिजला होता माझा. तरी पुढं केलाच ना?"

मंगेशनं मान वर केली. मग सगळ्यांसमोर, आईसमोरसुद्धा, त्यानं विचारलं, "चुकलो. तुला मी पसंत हाय का अजून?"

"हाय. पन रविवारी नाय. महिनाभर थांब. ह्या महिन्यात किती वेळा तोंड उघडतोस ते बघते, मग सांगते."

रखमाबाई शहाणपणानं बोटांवर महिन्याचे दिवस मोजायला लागली.

मंडळी, खड्याला ओल कळते, माणूस कळत नाही. माणूस जाणायचा असेल तर त्याच्याशीच बोलावं लागतं. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी दोन प्रश्न विचारा, तो पाण्यात घालून बघा, तव्यावर घालून बघा. खरं असेल ते तुमच्या तपासानं विटणार नाही. आणि जे विटेल, त्याच्या शब्दावर कोणाच्या लेकीला पापी ठरवू नका.