काळं पिस्तूल, चकचकीत पिस्तूल

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. आता एक ओटी डोळ्यांपुढे आणा. शेणाने सारवलेली, गार. एका कोपऱ्यात उंच तिवईवर पाण्याचं मोठं तांब्याचं घंगाळ. भिंतीला खुंट्या आहेत, पण खुंट्यांवर टोप्या नाहीत की उपरणी नाहीत. तिथे पिस्तुलं आहेत! पेशवाईच्या काळात घोडेस्वार कमरेला खोचून लढाईला नेत असत, तसली. लांब नळीची, लाकडी मुठीची, हातात घेतली तर मनगट खाली जाईल इतकी जड. दिसली का? मग आता डोळे उघडा आणि ऐका.

ही ओटी होती शहापूरला, सावळाराममामांची. गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची, सन सदतीस-अडतीसच्या सुमाराची. मामा जंगलातल्या लाकडांचे ठेके घेत. कामासाठी फिरताना कुणा जुन्या घराण्यात असलं पिस्तूल पडलेलं दिसलं, की ते विकत घेत, कचेरीतून परवाना आणत आणि खुंटीला लावत. त्यांची भाची राही शाळेसाठी त्यांच्याकडे राहायची. तिचं घर तिकडे आत डोळखांबला. ती होती दहा वर्षांची, आणि तिला बाहुल्यांपेक्षा ही पिस्तुलं आवडायची.

त्यातलं मधल्या खुंटीवरचं पिस्तूल सगळ्यांत काळं आणि सगळ्यांत कुरूप. नळी तपकिरी गंजाने माखलेली. मूठ कधीतरी चिरली होती, ती कुणीतरी पितळी तारेने आवळून बांधलेली. पण त्या मुठीवर एक खळगा होता. वर्षानुवर्षं कुणा स्वाराचा अंगठा एकाच जागी टेकून पडलेला. मामा राहीचा अंगठा त्या खळग्यात ठेवायचे आणि विचारायचे, "सांग बरं, कोनाचा अंगठा होता हा?"

"मला काय ठावं?"

"मलाबी नाय. म्हनून तर ते मला आवडतं."

मामांचा एक नियम होता. पिस्तूल जसं घरात आलं तसंच ठेवायचं. पुसायचं नाही, घासायचं नाही, तेल लावायचं नाही. गंज म्हणजे त्याचं वय, असं ते म्हणत.

आता दुसरा माणूस. मुरबाडचे धर्माशेठ, भाताचे व्यापारी. त्यांनाही हाच नाद, पण आवड अगदी उलटी. त्यांच्या पेटीतलं एकेक पिस्तूल आरशासारखं. त्यांच्या लाडक्या पिस्तुलावर चांदीची वेलबुट्टी होती, आणि शोभेसाठी त्यांनी त्याच्या नळीच्या तोंडात रेशमाचा लाल गोंडा खोचून ठेवला होता. दर दसऱ्याला ते छकड्यात बसून, किन्हवलीवरून शहापूरला यायचे. मखमलीची पेटी मांडीवर. आणि ओटीवर पाय ठेवल्या ठेवल्या दोघांची जुंपायची.

"सावळाराम, हे पिस्तूल हाय का चुलीची फुंकणी?"

"आन् तुमचं ते काय? लढाईला गेलं होतं का कुनाच्या लग्नाला?"

"अरे, कारागिराच्या हातून निघाली त्या दिवशी जशी होती, तशी वस्तू पायजे."

"मला लढाईतून निघाली तशी पायजे. काय करनार!"

वत्सलामामी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दोघांनाबी जेवायला गंज वाढू की चांदी?"

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एका दसऱ्याला धर्माशेठ हट्टाला पेटले. म्हणाले, "पुढल्या दसऱ्याला दोन्ही पिस्तुलं एका पाटावर मांडू. गावकरी सोनं द्यायला येतील. आपट्याची पानं ज्याच्या पिस्तुलावर जास्त पडतील, त्यानं दोन्ही न्यावी." मामा रागात होते. "कबूल!" म्हणून बसले.

राही हे ऐकत होती. पानं कशावर पडणार, हे सांगायला का ज्योतिषी हवा होता? चांदीवर! म्हणजे काळं पिस्तूल मुरबाडला जाणार. धर्माशेठ त्याला घासूनपुसून दुसरंच करून टाकणार. वर्षभर ही गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी सलत राहिली.

बघता बघता खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी हत्यारं धुतात हे तुम्हाला माहीत आहे. कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं विहिरीवर आणून चिंच आणि राख लावून काथ्याने घासायचं. मामा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. राही विळे घासत होती. काळा विळा हातात घ्यावा आणि पांढराशुभ्र होऊन निघावा! ती थांबली. चिंचेने माखलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिली. मग उठली, ओटीवर गेली आणि मधल्या खुंटीवरचं पिस्तूल काढून विहिरीवर घेऊन आली.

तिला भीती वाटत नव्हती का? वाटत होती. पण मामांच्या रागाची. पिस्तुलाची नाही. इथेच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे, मुलांनो, म्हणून मी जरा सावकाश सांगतो.

असल्या पिस्तुलाला घोडा असतो, म्हणजे लोखंडाची एक चोच. तिच्यात गारगोटी पकडलेली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणग्या उडतात. त्या खालच्या एका बारीक वाटीत पडतात. वाटीत चिमूटभर दारू असते, तिला रंजक म्हणतात. वाटीतून नळीत जायला सुईएवढं भोक असतं. रंजक पेटली की आग त्या भोकातून आत जाते आणि आत ठासलेली दारू भडकून गोळी सुटते.

राहीने नळी घासली, वाटी घासली. ते सुईएवढं भोक गंजाने बुजलं होतं. तिने बाभळीचा काटा घेतला आणि कोरून कोरून ते मोकळं केलं. भोकातून काळी भुकटी गळून वाटीत पडली, तिळाच्या कुटासारखी. तिला वाटलं, जुना मळ. फुंकर मारली, थोडा उडाला, थोडा राहिला. मग बांबूच्या काडीला फडकं गुंडाळून तिने नळी आतून पुसायला घेतली. काडी काही अंतरावर जाऊन अडली. तिला वाटलं, नळी तिथेच संपत असेल. काडीवर जिथपर्यंत नळीचं तोंड आलं, तिथे चिंचेने माखलेल्या बोटांचा डाग पडला. तिने काडी बाजूला टाकली, पिस्तूल उन्हात वाळवलं आणि परत खुंटीला लावून वर फडकं झाकलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ओटी माणसांनी भरली. पाट मांडला, रांगोळी काढली. धर्माशेठांनी आपलं पिस्तूल गोंड्यासकट पाटावर ठेवलं. मामांनी खुंटीवरचं फडकं ओढलं.

आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

नळी लखलखत होती. तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता. मामांनी ते खाली काढलं, उलटंसुलटं केलं, जणू आपलंच आहे ना याची खात्री करत होते. मुठीवरच्या खळग्यातला काळेपणाही काथ्याने निघाला होता.

"कोनी?" शेवटी ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागच्यांना ऐकूही गेला नाही.

"मी, मामा," राही म्हणाली. "तुमी हरू नये म्हनून."

मामा रागावले असते, ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं. पण ते नुसते बघत राहिले. एखाद्याने आपल्याच घरात शिरावं आणि ते परक्याचं निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. राहीला रडू कोसळणार होतं. तेवढ्यात धर्माशेठांनी मांडीवर थाप मारली.

"वा, पोरी! आता दिसतंय हत्यार! बघ सावळाराम, किती देखणं हाय, आन् तू त्याला आजवर गंजात कोंडलंस! चल, ठिणगी पाड. मग पानं पडू देत."

ठिणगी पाडायची ही घरची रीतच होती. दर दसऱ्याला मामा त्या पिस्तुलाचा घोडा ओढून सोडायचे. खट्‌ आवाज व्हायचा, एकदोन ठिणग्या पडायच्या, पोरं टाळ्या पिटायची. मामांचा धाकटा, पाच वर्षांचा नथू, नळीच्या अगदी समोर नाक लावून उभा राहायचा. ठिणगी नळीतून बाहेर येते असं त्याला वाटायचं. मामाही हसून विचारायचे, "गनीम कोन रं?" आणि नथू म्हणायचा, "मीच!"

त्या दिवशी मामांना हसू येत नव्हतं. पण माणसं वाट बघत होती. त्यांनी घोडा ओढला. नथू नेहमीप्रमाणे धावत पुढे आला आणि त्याने नळीला हात लावला. त्याचे हात गुळाने चिकट झाले होते. घासून लख्ख केलेल्या नळीवर बोटं उमटलेली बघून राहीचा जीव वरखाली झाला.

"मेल्या, डाग पाडशील!" म्हणत तिने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढला.

मामांनी चाप ओढला.

धडाम!

तो आवाज कसा होता, कसं सांगू? भिंती हलल्यासारख्या वाटल्या. ओटीभर पांढरा धूर कोंडला. बाहेर छकड्याचे बैल दावी तोडायला लागले. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी खाली बसलं. धूर थोडा विरला तेव्हा मामा होते तिथेच उभे होते, हात पुढे केलेला. त्यांच्या समोरची जागा रिकामी होती. आणि त्या जागेच्या मागे, कोपऱ्यातल्या घंगाळाला भोक पडून पाण्याची धार लागली होती. धार वाकडी होऊन रांगोळीवर पडत होती.

"पानी मुततंय!" नथू टाळ्या वाजवत ओरडला. तो राहीच्या मांडीवर आपटला होता आणि खिदळत होता.

दुसरं कुणीच हसलं नाही.

वत्सलामामी धावत आल्या. त्यांनी नथूला उचललं, त्याचं कपाळ चाचपलं, छाती चाचपली, पुन्हा कपाळ चाचपलं. घंगाळाचं भोक बरोबर नथूच्या डोक्याच्या उंचीवर होतं. त्यांनी ते पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पोराला घट्ट धरून त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या.

मामांनी पिस्तूल जमिनीवर ठेवलं.

"बार भरलेला होता," ते म्हणाले. "माझ्या घरात हे आलं तेव्हापासून भरलेला होता. जसं आलं तसं ठेवा, म्हनायचो ना मी? तसंच ठेवलं. दर दसऱ्याला पोराच्या तोंडावर धरलं. नुसतं ते बारीक भोक गंजानं बुजलेलं, म्हनून..."

राहीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते भोक कुणी कोरलं? तिने. वाटीत गळलेली काळी भुकटी मळ नव्हती, दारू होती. आणि ती काडी! काडी अडली होती, ती नळी संपली म्हणून नव्हे.

धर्माशेठ इतका वेळ खांबाला टेकून होते. मघाचा त्यांचा रुबाब कुठल्या कुठे गेला होता. "मी तर," ते पुटपुटले, "मी तर दर पाडव्याला नातवाच्या हातात देतो. वरून पुसतो, चांदी उजळतो... आत कधी..." आणि त्यांनी पाटावरच्या आपल्या पिस्तुलाकडे हात नेला.

"हात नका लावू!" राही ओरडली.

मोठ्या माणसावर ओरडायची तिची ती पहिलीच वेळ. धर्माशेठांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

ती विहिरीवर धावली. विळे घासले होते तिथेच बांबूची काडी पडली होती, चिंचेचा डाग तसाच. काडी घेऊन ती ओटीवर आली. आधी तिने जमिनीवरच्या, आता रिकाम्या झालेल्या पिस्तुलात ती घातली. काडी डागाच्या पुढे गेली, आणखी बोटभर, आणखी बोटभर, आणि मग थांबली. सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्या दोन बोटांत काय होतं, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

"नथूला आत न्या, मामी," ती म्हणाली. "बाकीचे खांबामागं व्हा."

आणि आश्चर्य बघा, सगळे झाले. मामासुद्धा. आपट्याची पानं मुठीत चुरगळलेली, पाटावर एकही पडलेलं नाही. कुणाचं पिस्तूल चांगलं, हे त्या घटकेला कुणालाच आठवत नव्हतं.

राही पाटाच्या बाजूला बसली, समोर नाही. चांदीच्या पिस्तुलाचं तोंड पाटासकट हळूच रिकाम्या मातीच्या भिंतीकडे वळवलं. घोड्याला तिने हात लावला नाही, चापाला लावला नाही. काडी बाहेरून नळीलगत धरून तिने वाटीपर्यंतच्या लांबीवर नखाने खूण केली; आत ती तिथवर गेली नाही, तर हेही भरलेलं. श्वास रोखून, दोन बोटांनी, तिने नळीच्या तोंडातला लाल गोंडा ओढून काढला, तो मांडीवर ठेवला, आणि काडी हळूहळू आत सरकवायला लागली.